दुष्काळाच्या वाटेवरची साक्ष

वाचकहो, ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून निघालेली श्रीतुकोबारायांची पालखी पुणे, लोणी काळभोर करत यवतला येते. यवतहून वरवंडकडे चालताना केडगाव चौफुला लागतो. तिथून डावीकडे एक रस्ता केडगावला जातो. दिंडीच्या ओघात त्या रस्त्याकडे कुणाचे फारसे लक्ष जात नाही. आपण सरळ पुढे निघतो. पाटसला सोलापूरचा रस्ता सोडून रोटीचा घाट चढतो, उंडवडी गवळ्याची, बारामती, काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी असे मुक्काम आणि विसावे घेत इंदापूर गाठतो. सराटीला नीरेत पादुकांचे स्नान झाले की पुणे जिल्ह्याचा निरोप घेतो.

ही वाट तुमच्या पायांना पाठ आहे. आज मात्र तो डावीकडचा रस्ता धरायचा आहे. तिथे जिची गोष्ट घडली ती बाई वारकरी नव्हती, ख्रिस्ती होती. तिने जन्माचा धर्म सोडला म्हणून तिच्या हयातीत पुण्याने तिला पुष्कळ बोल लावले. पण दुःखाचा आणि देवाचा संबंध काय, हा जो प्रश्न आपल्या प्रत्येकाच्या मनात केव्हातरी उठतो, तो तिने आयुष्यभर सोडला नाही. आपल्या वाटेच्या शेजारीच तिला त्याचे उत्तर कृतीत उतरवता आले. म्हणून ही गोष्ट आपण ऐकली पाहिजे.

आधी ही भूमी नीट पाहू. आज बारामती-इंदापूर म्हटले की डोळ्यांसमोर उसाचे फड येतात. हे रूप अलीकडचे. नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी या भागात खेळू लागले ते १८८५ च्या सुमारास. त्याआधी भीमा आणि नीरा यांच्या मधला हा पट्टा पावसाच्या भरवशावर जगत असे, आणि पाऊसच भरवशाचा नव्हता. कंपनी सरकारच्या पहिल्या सारापद्धतीने इंदापूरचा कुणबी इतका पिळून निघाला की बरीच जमीन पडीक पडली. शेवटी १८३६ च्या सुमारास नव्या पाहणीची आणि आकारणीची सुरुवात सरकारला इंदापुरातूनच करावी लागली. तरीही कर्जाचा फास सुटला नाही. १२ मे १८७५ रोजी आजच्या बारामती तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला आणि त्यांची खतपत्रे जाळली. पाठोपाठ १८७६-७७ चा मोठा दुष्काळ आला. आपण जिथून टाळ वाजवत जातो, ती माती अशी भुकेने होरपळलेली आहे.

त्याच्याही सुमारे अडीचशे वर्षे आधी, १६३० च्या आसपास पडलेल्या दुष्काळात देहूच्या वाण्याचे दिवाळे निघाले. थोरली पत्नी रखमाबाई अन्न अन्न करत गेली. मुलगा संतूही गेला. तुकोबाराय भामनाथाच्या डोंगरावर जाऊन बसले, आणि परत आल्यावर कर्जखतांतला आपल्या वाटणीचा हिस्सा त्यांनी इंद्रायणीत बुडवला. सुप्यात खते जाळली ती देणेकऱ्यांनी, संतापाच्या भरात. देहूत ती बुडवली घेणेकऱ्याने, स्वतःच्या हाताने. स्वतःच्या घरातली भूक पाहिल्यावर दुसऱ्याच्या भुकेवर व्याज घेणे त्या महात्म्याला शक्यच राहिले नाही.

पुढे तुकोबारायांनी आपल्या त्या दिवाळ्याबद्दल आणि दुष्काळाबद्दल देवाचे उपकारच मानले. ते अभंग तुम्हाला मुखोद्गत असतील. पण त्यातली एक गोष्ट आपल्या नजरेतून निसटते. हे बोल ज्याचे घर उजाड झाले त्याचे स्वतःचे आहेत. शेजाऱ्याच्या दारात जाऊन, तुझी बायको गेली हे बरेच झाले, असे तुकोबाराय कुणाला म्हणाले नाहीत. आपल्या दुःखाला ‘देवाची कृपा’ म्हणण्याचा अधिकार फक्त ते सोसणाऱ्याला असतो. दुसऱ्याच्या दुःखाविषयी तसे बोलणे म्हणजे त्याच्या जखमेवर मीठ चोळणे होय. हा भेद मनात ठेवून आता केडगावच्या बाईंकडे वळू.

त्यांचे नाव पंडिता रमाबाई. जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी, कर्नाटकातल्या गंगामूळच्या अरण्यात. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान आणि भागवताचे निष्ठावंत पुराणिक. बायकांनी संस्कृत शिकू नये असा तो काळ, पण शास्त्रीबुवांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले आणि त्यापायी लोकांचा रोष पत्करला. आईने ती विद्या मुलीला दिली. भागवताचे अठरा हजार श्लोक लहानपणीच तिच्या जिभेवर खेळू लागले. नाथांच्या भागवताचे पारायण करणाऱ्या आपल्यासारख्यांना अशा घराविषयी आपुलकीच वाटेल.

हे कुटुंब तीर्थाटन करत, पुराण सांगत देशभर फिरे. जे मिळे ते दानधर्मात जाई. मग दुष्काळाने गाठले. घरात होते नव्हते ते संपले. भीक मागण्याची किंवा मजुरी करण्याची सवय नव्हती. देवावर भार टाकून त्यांनी व्रते केली, उपासतापास केले, जप केले, मूर्तीपुढे धरणे धरले. अन्न आले नाही. १८७४ च्या सुमारास वडील गेले, थोड्याच दिवसांत आई गेली, मग थोरली बहीण कृष्णाबाई गेली. उरले भाऊ श्रीनिवास आणि सोळा वर्षांची रमा. दोघे पायी भटकत, मिळेल ते खात, थंडीत कुडकुडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथे विद्वानांनी तिची परीक्षा घेतली आणि ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. मान मिळाला तोवर मायबाप राहिले नव्हते. पुढे भाऊही गेला. १८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झाले, मुलगी मनोरमा झाली, आणि १८८२ मध्ये पटकीने पतीही गेले. चोविसाव्या वर्षी, एका तान्ह्या मुलीखेरीज तिचे म्हणावे असे कुणी राहिले नाही.

वाचकहो, अशा बाईला आपण काय सांगितले असते? बहुधा आपण प्रारब्ध म्हणालो असतो. त्या काळीही लोक तेच म्हणत होते. विधवेचे दुःख तिच्या मागल्या जन्मीच्या पापाचे फळ, असे तिला आणि तिच्यासारख्या हजारो बालविधवांना सांगितले जात होते. रमाबाईंना शास्त्रे ठाऊक होती, म्हणून ते उत्तर त्यांना अपुरे वाटले. ज्यांनी जन्मभर देवाचे नाव घेतले, ते आईबाप अन्नावाचून का मेले? हा प्रश्न त्यांनी झाकून ठेवला नाही. तो आपल्यालाही बोचतो. बोचू द्यावा. त्याला घाईने उत्तर देऊ नये.

रमाबाई पुण्याला आल्या, १८८२ मध्ये आर्य महिला समाज स्थापला, आणि १८८३ मध्ये वैद्यक शिकण्याच्या इच्छेने इंग्लंडला गेल्या. तिथे त्यांना काही ख्रिस्ती भगिनींनी चालवलेले एक घर पाहायला मिळाले. वाट चुकलेल्या, समाजाने टाकलेल्या स्त्रियांना त्या भगिनी तिथे मायेने सांभाळत. आपल्याकडे ज्या बाईची सावली टाळतात, तिची सेवा या का करतात, असा प्रश्न त्यांना पडला. तेव्हा त्यांना शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. हलक्या मानलेल्या समाजातली, लोकांच्या नजरेतून उतरलेली ती बाई विहिरीवर भेटली, आणि येशूने तिच्याकडेच प्यायला पाणी मागितले. ज्या देवाला अशा बाईच्या हातचे पाणी चालते, तो आपला, असे रमाबाईंच्या मनाने घेतले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

इथे थोडे थांबू. हा प्रसंग ऐकताना आपल्याला परके का वाटावे? जनाबाईबरोबर जात्यावर बसणारा, चोखोबांबरोबर गुरे ओढणारा देव आपल्या संतांनीही पाहिला. मंगळवेढ्याला कुसू कोसळून चोखोबा गेले, तेव्हा त्यांच्या अस्थी नामदेवरायांनी पंढरपूरला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी झाली. देव दुःख पाठवतो की नाही याचा वाद आपले संत फार घालत बसले नाहीत. तो दुःखात शेजारी येऊन बसतो, हे त्यांनी सांगितले.

ख्रिस्ती श्रद्धेचा गाभाही तोच आहे, फक्त तिथे तो एका मरणाभोवती गुंफलेला आहे. वधस्तंभावर येशू शेवटच्या घटकांत देवालाच विचारतो, की तू मला का सोडलेस. ज्याला ते देवाचा पुत्र मानतात त्याच्याही तोंडी हाच ‘का’ आहे, आणि त्याला त्या क्षणी उत्तर मिळत नाही. बायबलात ईयोबाची गोष्ट आहे. मुलेबाळे, गुरेढोरे, आरोग्य, सारे गेल्यावर त्याचे मित्र येतात आणि तुझेच पाप असणार असे त्याला पटवू लागतात. शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर. दुःखिताने देवाशी भांडलेले देवाला चालते. दुःखिताला त्याचा दोष समजावणारे शहाणे त्याला चालत नाहीत.

आपल्या बारामतीलाच पाहा. कऱ्हेच्या काठी मोरोपंत राहिले आणि १७९४ मध्ये तिथेच त्यांनी देह ठेवला. त्यांच्या ‘केकावली’चे नावच मोराच्या केकेवरून आले, म्हणजे देवाला घातलेली आर्त साद. गीतेत भगवंतांनी भक्तांचे चार प्रकार सांगताना आर्ताला त्यात जागा दिली आहे. रडणारा, ओरडणारा, जाब विचारणारा मनुष्यही भक्तच आहे. वारकरी आणि ख्रिस्ती यांच्या तत्त्वज्ञानात मोठे अंतर आहे. पुनर्जन्म, मूर्ती, अवतार यांविषयी दोघांचे जमायचे नाही. ते अंतर लपवण्यात अर्थ नाही. पण आर्ताला देवाच्या दारात जागा आहे, याविषयी दोघांचे भांडण नाही.

रमाबाईंनी प्रामाणिकपणे असेही लिहून ठेवले आहे, की बाप्तिस्म्यानंतरही कित्येक वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. मनाला खरी शांती लाभायला आणखी सुमारे आठ वर्षे लागली. माळ घातली त्या दिवशीच विठ्ठल भेटला असे सांगणारा वारकरी विरळाच. त्यामुळे हे बोल आपल्याला कळतील.

मग कसोटीची वेळ आली. १८८९ मध्ये मुंबईत सुरू केलेले शारदासदन त्यांनी पुढे पुण्यात आणले होते. तिथल्या मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे ओढल्या जातात म्हणून १८९३ मध्ये मोठे वादळ उठले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. त्यानंतर १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. बातम्या येऊ लागल्या आणि रमाबाईंना आपली सोळाव्या वर्षातली भूक आठवली. त्या स्वतः तिकडे गेल्या. निराधार, हाडांचे सापळे झालेल्या, माणसांच्या तावडीतून कशाबशा सुटलेल्या सुमारे ३०० मुली-बायका त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगमुळे त्यांना ठेवता येईना. तेव्हा फळबागेसाठी केडगावला घेऊन ठेवलेल्या जमिनीवर त्यांची सोय केली. आधी तंबू आणि झोपड्या, मग विहिरी, मग इमारती. त्या वस्तीचे नाव ‘मुक्ती’.

१९०० च्या गुजरातच्या दुष्काळात आणखी शेकडो जणी आल्या आणि मुक्तिसदनातल्या स्त्रियांची संख्या जवळजवळ २ हजारांवर गेली. त्या शेती करत, माग चालवत, छापखान्यात खिळे जुळवत. आंधळ्या मुलींना मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकवत. आपण त्या वाटेने पालखीबरोबर जात होतो, त्याच वर्षांत कोसभर आत हे घडत होते.

आता एक टीका. उपाशी पोटाला अन्न देताना धर्मही द्यावा का? मुक्तिसदनातल्या पुष्कळ मुली ख्रिस्ती झाल्या. त्या काळी या गोष्टीवर रोष झाला आणि तो अगदीच बिनबुडाचा होता असे म्हणता येणार नाही. अन्नछत्रात जेवणाऱ्याला आपण देव विचारत नाही, हा आपला दंडक चांगला आहे. पण या टीकेबरोबर दुसरा प्रश्नही स्वतःला विचारायला हवा. त्या मुली आगगाडीच्या फलाटांवर आणि रस्त्यांच्या कडेला मरत होत्या, तेव्हा त्यांना उचलायला किती जण गेले? जो उचलायला गेला नाही, त्याने उचलणाऱ्याचा हिशेब मागताना आवाज जरा खाली ठेवावा.

कुणी म्हणेल, रमाबाई तर आपल्या संतांपासून दूर गेल्या, मग आपला त्यांच्याशी काय संबंध? त्याला दुसऱ्या एका ख्रिस्ती माणसाने उत्तर दिले आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे कोकणातल्या करजगावचे. तुकोबारायांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते मोकळेपणाने सांगत. ते अभंग लिहीत, कीर्तने करत. त्यांची भजने मराठी मंडळ्यांत आजही गायली जातात. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तो पत्नी लक्ष्मीबाईंना कळू न देता. पुढची जवळजवळ पाच वर्षे त्या माउलीने लहान मुलासह नवऱ्यावाचून काढली. त्यांतला काही काळ त्या पंढरपुरातच होत्या. एकाच्या श्रद्धेचा भार दुसऱ्याला कसा वाहावा लागतो, हे त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ वाचताना कळते. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, पण आधी माणसामाणसांतला सोवळ्याओवळ्याचा भेद आपल्याच मनाशी विचार करून टाकून दिला. आपले दुःख त्यांनी हसत सांगितले, आणि त्यासाठी कुणाला दोषी ठरवले नाही. ही संतवृत्तीच.

पुढे बारामती परिसरात ऑस्ट्रेलियातले मिशनरी आले, मंडळ्या उभ्या राहिल्या. दुष्काळांच्या काळात या मुलखात जे ख्रिस्ती झाले, त्यांतले बहुतेक गावकुसाबाहेरचे होते. त्यांना ‘पोटासाठी बाटलेले’ असे हिणवले गेले. ज्याने भुकेचे दिवस पाहिले नाहीत, त्याला ‘पोटासाठी’ हा शब्द हलका वाटतो. तुकोबारायांच्या रखमाबाई पोटासाठीच गेल्या, हे आपण विसरू नये.

रमाबाईंची शेवटची परीक्षा बाकी होती. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून त्यांनी अवघ्या बायबलाचे साध्या मराठीत भाषांतर हाती घेतले होते. खेड्यातल्या, नुकत्या अक्षरओळख झालेल्या बाईला ते कळावे हा हेतू. संस्कृतातले ज्ञान मराठीत आणणाऱ्या माउलींची आठवण इथे कुणाला होणार नाही? काम शेवटाला येत असताना, जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या. जिच्यासाठी सारे सोसले ती एकुलती एक लेकही गेली. रमाबाईंनी लेखणी खाली ठेवली नाही. भाषांतर पुरे केले, आणि वर्षही उलटण्याआधी, ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावलाच त्यांनी देह ठेवला.

आईबाप अन्नावाचून का मेले, याचे उत्तर त्यांना मिळाले का? तसा कुठला सिद्धान्त त्यांनी मांडला नाही. ज्या भुकेने आईबाप नेले, त्याच भुकेच्या दारातून त्यांनी शेकडो लेकी परत आणल्या. दुःखाने त्यांना जे दाखवले ते त्यांनी वाया जाऊ दिले नाही. कर्जखते बुडवून तुकोबारायांनी हेच केले होते.

वाचकहो, दिंडीत आपल्या शेजारी चालणाऱ्याने अवंदा काय गमावले आहे, हे आपल्याला ठाऊक नसते. कुणाचा तरणा मुलगा गेलेला असतो, कुणाच्या शेतकरी नवऱ्याने गळफास घेतलेला असतो. तिला प्रारब्ध सांगू नका, देवाची इच्छा सांगू नका. तिच्या डोक्यावरची पिशवी घ्या, पाणी द्या, गप्प चाला. अर्थ लागायचा तर तिला तिच्या वेळेला, तिच्या देवापाशी लागेल. आणि पुढल्या आषाढीला चौफुल्यावरून जाताना डावीकडे पाहून एकदा हात जोडा. तिथे एका लेकीने आपल्या तुकोबारायांचे काम वेगळ्या नावाने केले.

रामकृष्णहरी.